काउंटी फेअर आणि फोर-एच: मुलांची तयारी कशी करावी?

मक्याचं_कणीस

दर वर्षी थंडी सरत आली की इथे कोणीतरी विचारतंच, "शाळेतून फोर-एचचा कागद आलाय, हे काय प्रकरण आहे? घालावं का मुलांना?" उत्तरं चार धाग्यांत विखुरली आहेत, म्हणून एका जागी लिहून काढते. फोर-एच म्हणजे मुलामुलींचे क्लब; मुलं स्वतः काहीतरी करतात, वाढवतात आणि ते काउंटी फेअरला, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या शेतीजत्रेत, जजला दाखवतात. आमची दोन मुलं यात आहेत. थोरली क्लबची सेक्रेटरी आहे. धाकटा तोंडाळ आहे, जजशी गप्पा मारायला मिळतात म्हणून जातो. मी आयोवातलं लिहितेय. राज्य बदललं की नियम बदलतात, काउंटी बदलली तरी बदलतात.

आधी थोडी पार्श्वभूमी. एल्काना वॉटसन नावाच्या गृहस्थाने १८०७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफिल्डच्या चौकात आपल्या दोन मेरिनो मेंढ्या आणून उभ्या केल्या, लोकांनी बघावं म्हणून. त्यातून बर्कशर भागातलं शेतीप्रदर्शन सुरू झालं आणि काउंटी फेअरची चाल पसरली. मुलांचा भाग जवळजवळ शंभर वर्षांनी आला. १९०२ मध्ये ओहायोच्या क्लार्क काउंटीत ए. बी. ग्रॅहम या शाळा-अधीक्षकांनी मुलामुलींचा शेती क्लब काढला. आयोवात जेसी फील्ड शॅम्बॉ या बाईंनी पेज काउंटीत तसंच काम केलं. कारण साधं होतं. विद्यापीठातून आलेली नवी पद्धत थोरले शेतकरी ऐकून घेत नसत, पोरं मात्र करून बघत. पोराचा मका बापाच्या मक्यापेक्षा सरस आला की बाप मुकाट्याने विचारायला येई. १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने एक्स्टेन्शन यंत्रणा (विद्यापीठातलं ज्ञान लोकांपर्यंत पोचवणारी) उभी राहिली आणि फोर-एच तिच्या आश्रयाला आलं. आजही नावनोंदणी काउंटी एक्स्टेन्शन ऑफिसामार्फतच होते. आमच्याकडे ते आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीचं आहे. चार एच म्हणजे हेड, हार्ट, हँड्स, हेल्थ.

आयोवात चौथी ते बारावीची मुलं पूर्ण सभासद होतात. त्याहून लहानांचे 'क्लोव्हर किड्स', त्यांना स्पर्धा नाही.

आता मुद्द्याचं. आपल्या लोकांना "कितवा आला?" विचारायची खोड असते, ती इथे चालत नाही. हस्तकला, खाद्यपदार्थ, फोटो, शिवण अशा वस्तूंना बहुतेक ठिकाणी डॅनिश पद्धतीने जोखतात. प्रत्येक वस्तू ठरलेल्या कसाला लावायची, शेजारच्या वस्तूला नाही. कसाला उतरली तर निळी रिबन, बरी असेल तर लाल, बरंच सुधारायला हवं असेल तर पांढरी. टेबलावरचे सगळे केक निळे ठरू शकतात आणि एकही न ठरू शकतो. निळ्यांतल्या उत्तमांना पुढे जांभळी मिळते, त्यातून काही वस्तू स्टेट फेअरला जातात.

दुसरं म्हणजे जज मुलाला समोर बसवून बोलतो. वस्तू टेबलावर, मूल खुर्चीत, आईबाप मागे आणि गप्प. वस्तूसोबत एक 'goal card', म्हणजे उद्दिष्टाचं कार्ड, द्यावं लागतं: तुझं उद्दिष्ट काय होतं, त्यासाठी तू काय काय केलंस, महत्त्वाचं काय शिकलास. खरी तयारी या तीन प्रश्नांची आहे. "मला मफिन करायचे होते" हे उद्दिष्ट होत नाही. "साखर एक तृतीयांश कमी केली तर मफिन तेवढाच फुगतो का ते बघायचं होतं" हे होतं. दुसऱ्या मुलाला बोलायला काही तरी असतं, पहिला "हो, नाही, आवडलं" करून उठतो.

त्यामुळे माझं म्हणणं एवढंच की मार्च-एप्रिलमध्ये वस्तू काय करायची यापेक्षा मुलाला कशाबद्दल कुतूहल आहे ते बघा. फेअर बुक आलं की पहिल्या दिवशी वाचा. आपल्याकडचे लोक इथे हमखास गाफील राहतात. प्लेटमध्ये किती कुकीज, फोटो कसा चिकटवायचा, नोंदणीची शेवटची तारीख, सगळं त्यात असतं आणि तारीख गेली की काउंटी कर्मचारी गोड हसून नाही म्हणतात.

विचारा, सांगते.

कोथिंबीर_जुडी

छान लिहिलंय ताई. आम्ही डी मॉइनच्या उपनगरात अपार्टमेंटमध्ये राहतो. गोठा सोडा, कुंडी ठेवायला बाल्कनी नाही. आमच्या पोरीला यात काय करता येईल?

मक्याचं_कणीस

कोथिंबीर, भरपूर. जनावरं हा फेअरचा दिसणारा भाग असतो, म्हणून सगळ्यांना तेवढंच आठवतं. फोटोग्राफी, शिवण, लाकूडकाम, रोबॉटिक्स, बेकिंग, घरसजावट, पाच-दहा मिनिटांचं प्रात्यक्षिक असं सगळं असतं. घरी कुत्रा असेल तर त्याला शिस्त लावण्याचा प्रोजेक्टही आहे.

आमच्या थोरलीने एकदा वारली चित्र नेलं होतं, लाकडी फळीवर. जज बाईंना वारली ठाऊक नव्हती, पण त्यांनी विचारलं, "यात कुठलं डिझाइन तत्त्व वापरलंस?" व्हिज्युअल आर्टमध्ये असा प्रश्न येतोच: रेषा, आकार, रंग हे घटक आणि लय, तोल ही तत्त्वं. पोरीने तारपा नाचाच्या गोलावर बोट ठेवलं आणि पुनरावृत्तीतून लय कशी येते ते सांगितलं. हे आधी ठरवून जावं लागतं. आणि दुसऱ्याचं चित्र बघून जसंच्या तसं उतरवलेलं चालत नाही, रचना आपली हवी.

आळूचं_फदफदं

म्हणजे आजीने शिकवलेलं लोणचं घेऊन गेलं की जांभळी रिबन पक्की!

मक्याचं_कणीस

फदफदं, हसू नका, लोणच्यावर इथे खरंच भांडण होऊ शकतं. 😄

बरणीबंद पदार्थांच्या विभागात तपासलेलीच पाककृती लागते: यूएसडीएची (अमेरिकेच्या कृषी खात्याची), किंवा जॉर्जिया विद्यापीठाच्या नॅशनल सेंटर फॉर होम फूड प्रिझर्वेशनची, किंवा आपल्या एक्स्टेन्शनची. पाककृती कुठून घेतली ते कार्डावर लिहायचं. तेलातलं कैरीचं लोणचं त्यात बसत नाही. तेलाखाली हवा पोचत नाही आणि आम्लता पुरेशी नसेल तर बोट्युलिझमचा (जीवघेण्या अन्नविषबाधेचा) जिवाणू तिथेच वाढतो. आपल्या लोणच्यात मीठ, मोहरी, हळद, आंबटपणा सगळं असतं हे खरं, पण प्रत्येक घरचं प्रमाण वेगळं आणि ते कोणी मोजलेलं नाही. जज सहसा बाटली उघडून चाखतही नाहीत. बाहेरूनच बघतात: झाकण बसलंय का, वर मोकळी जागा किती, फोडी एकसारख्या आहेत का.

टोमॅटोच्या बरणीतही तसंच. पाइंटला एक टेबलस्पून, क्वार्टला दोन टेबलस्पून लिंबूरस घालायचा आणि तोही बाटलीतला. माझ्या सासूबाई त्या वर्षी इथे होत्या, त्या म्हणाल्या, "ताजं लिंबू असताना बाटलीतलं?" पण ताज्या लिंबाची आंबटाई प्रत्येक लिंबागणिक वेगळी, बाटलीतली ठरलेली. हे लेकीने आजीला समजावलं आणि तेच नंतर जजला सांगितलं. जजला समजावणं सोपं गेलं.

बेकिंगमध्ये मात्र आपलं खुशाल न्या. नानकटाई छान चालते. फक्त कच्चं अंडं असलेलं, कस्टर्ड भरलेलं, क्रीम चीजचं आयसिंग असलेलं काही नको. उन्हात दिवसभर टेबलावर राहतं.

पुसेगावकर

वाचून गावाकडची आठवण आली. आमच्याकडं सेवागिरी महाराजांच्या यात्रेत खिल्लार जनावरांचं प्रदर्शन भरतं. आदत, दुसा, चौसा असे दातांवरनं गट. शिंगांची ठेवण, वशिंड, चाल, शेपटीचा गोंडा, समदं बघत्यात. आमच्या आबांचा खोंड नंबरात आला होता, तर आठवडाभर घरात दुसरी बोलीच नव्हती. पण एक फरक हाय. तिथं बक्षीस खोंडाला. पोरगं फकस्त दावं धरून उभं. इथं जज पोरालाच विचारतोय हे नवीन वाटलं.

रिंगमागचा_पोरगा

माझं मराठी लिहिणं कच्चं आहे, सांभाळून घ्या. मी इथेच वाढलो. इंडियानामध्ये फोर-एचमध्ये डुकरं दाखवायचो. आता कॉलेज संपलं.

पुसेगावकर काका, दोन्ही असतं. एका वर्गात जनावराचं शरीर बघतात. दुसरा वर्ग 'शोमनशिप', त्यात जनावर कसं आहे याला महत्त्व नाही, मूल ते कसं दाखवतं ते बघतात. मेंढी दोर न लावता जबड्याखाली हात धरून उभी करायची. गायीगुरांना दावं आणि एक लांब काठी असते, काठीने पाय नीट ठेवायचे. डुकराला कोणी धरत नाही, ते चालतं आणि तुम्ही मागून बारीक छडीने वळवता. नजर जजवर, डुक्कर तुमच्या आणि जजच्या मध्ये, आणि जजचं दिसणं अडवायचं नाही. डुकराला हे माहीत नसतं.

जज अचानक थांबवून विचारतो. खाद्यात प्रथिनं किती? वजन किती? कानावरच्या खाचा वाच. उजव्या कानावर वेताचा नंबर असतो, डाव्या कानावर त्या वेतातल्या पिल्लाचा. प्रत्येक जागेच्या खाचेची किंमत ठरलेली असते, ती बेरीज करायची. मी हे शाळेच्या बसमध्ये पाठ करायचो.

तयारी म्हणजे रोज चालवणं. एप्रिलच्या सुरुवातीला साठ पौंडांचं पिल्लू आणलं तर ते रोज दीड-दोन पौंड वाढतं आणि जुलैच्या शेवटी अडीचशेच्या वर जातं. तोवर त्याला तुमच्या आवाजाची आणि छडीची सवय हवी. अडीचशे पौंडांना जर कोपऱ्यात जायचं असेल तर ते कोपऱ्यात जातं.

कोथिंबीर_जुडी

@रिंगमागचा_पोरगा, मराठी कच्चं कुठे आहे! खर्च किती येतो पण?

रिंगमागचा_पोरगा

पिल्लाची किंमत तुम्ही ठरवाल तेवढी. साधं पिल्लू घ्या. एक पौंड वजन वाढायला साधारण तीन पौंड खाद्य लागतं. म्हणजे दोनशे पौंड वाढीला सहाशे पौंड. त्यावर भुसा, औषध, फेअरची फी. हे सगळं रेकॉर्ड बुकात लिहायचं आणि शेवटी नफा-तोटा काढायचा. पहिल्या वर्षी बहुतेकांचा तोटा असतो. मला ते गणित शाळेतल्या गणितापेक्षा जास्त समजलं.

आळूचं_फदफदं

एक खवचट प्रश्न. मी विस्कॉन्सिनात बघितलंय, काही घरांत हजारो डॉलरचं वासरू विकत घेतात, भाड्याने 'फिटर' ठेवतात केस फुगवायला, बाप क्लिपर चालवतो आणि पोरगं रिंगमध्ये तेवढं जातं. हे मुलांचं शिक्षण की बापाची हौस?

मक्याचं_कणीस

बापाची हौस. असं होतं, लपवण्यात अर्थ नाही. काही फेअरमध्ये नियमच आहे की केस कापणं-विंचरणं सभासदांनी किंवा घरच्यांनीच करायचं. पण नियमापेक्षा शोमनशिपचे प्रश्न ते उघडं पाडतात. ज्याने वासराला स्वतः खाऊ घातलेलं नाही, त्याला खाद्याचं नाव सांगता येत नाही.

नवख्यांनी बाजारी स्टिअरपासून (मांसासाठी वाढवलेल्या खच्ची गोऱ्ह्यापासून) सुरुवात करूच नये. आयोवात 'बकेट काफ' नावाचा सुंदर प्रकार आहे. आईविना किंवा आईपासून दूर केलेलं वासरू, त्याला बादलीने किंवा बाटलीने दूध पाजून वाढवायचं. लहान मुलांसाठीच आहे. त्यात वासराच्या देखणेपणाला किंमत नाही, जज मुलाशी बोलतो: दूध किती वेळा पाजलंस, हगवण लागली तेव्हा काय केलंस, वासराचं नाव काय. जागा नसेल तर शेतकरी ओळखीचा असावा लागतो, रोज जायची तयारी हवी.

खारूताई

मला एक गोष्ट कोणी स्पष्ट सांगेल का? आम्ही शाकाहारी आहोत. लेकीच्या मैत्रिणीकडे बोकड आहे, म्हणून हिलाही हवा. फेअरच्या शेवटी त्याचं काय होतं?

रिंगमागचा_पोरगा

मार्केट वर्गातला असेल तर लिलाव होतो आणि तो कत्तलखान्यात जातो. काही फेअर 'टर्मिनल' असतात, म्हणजे तिथून जनावर घरी येतच नाही. काही ठिकाणी फक्त 'प्रीमियम' लिलाव असतो: गावातला दुकानदार किंवा बँक मुलाला वरची रक्कम देते आणि जनावर बाजारभावाने वेगळं विकलं जातं.

मी पहिल्या वर्षी ट्रकपर्यंत डुकराला स्वतः नेलं. माझ्या आईने तेव्हा काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं, ते बरं झालं.

खारूताई

म्हणजे नऊ वर्षांच्या पोरीला तीन महिने जीव लावायला शिकवायचं आणि मग ट्रक. याला शिक्षण म्हणतात का?

पुसेगावकर

ताई, शेतकऱ्याच्या घरात हे रोजचं हाय. बोकड जत्रेला जातो हे आमच्या पोरांना पाळण्यातनं म्हाईत.

खारूताई

काका, तुमच्या पोरांना माहीत असतं. माझ्या पोरीला नाही. फरक तोच आहे.

मक्याचं_कणीस

दोघांचंही पटतंय. पण खारूताईंच्या प्रश्नाचं उत्तर पिल्लू आणण्याआधी द्यायचं असतं, लिलावाच्या दिवशी नाही. कॅलिफोर्नियात शास्ता डिस्ट्रिक्ट फेअरला २०२२ मध्ये नेमकं हेच झालं. नऊ वर्षांच्या मुलीने सीडर नावाचा बोकड वाढवला, विक्रीच्या वेळी तिला तो देववेना. आईने त्याला तिथून हलवलं आणि पैसे भरून द्यायची तयारी दाखवली. फेअरने नियमावर बोट ठेवलं. शेरीफचे लोक शेकडो मैल जाऊन बोकड घेऊन आले आणि तो कापला गेला. कोर्टात केस गेली, २०२४ मध्ये तीन लाख डॉलरवर तडजोड झाली. तिथे फेअर फार ताठर वागलं असं माझं मत आहे. पण एकदा टर्मिनल शोची नोंदणी केली की माघारीची वाट अरुंद होते, हे त्यातून शिकावं.

शाकाहारी घरांना पर्याय आहेत. दुभती जात: कालवड पुढच्या वर्षी पुन्हा दाखवता येते. लोकरीच्या मेंढ्या. ब्रीडिंग (पैदाशीच्या) वर्गातल्या शेळ्या. ससे, कोंबड्या, घोडा, कुत्रा. बोकडच हवा असेल तर मुलीला सगळं सांगून मग विचारा. नऊ वर्षांची मुलं आपल्याला वाटतं त्यापेक्षा सरळ विचार करतात.

आळूचं_फदफदं

कोंबड्यांवरून आठवलं. बर्ड फ्लूचं काय?

मक्याचं_कणीस

२०१५ मध्ये आयोवातल्या सगळ्या फेअरमध्ये जिवंत पक्षी बंद होते. मुलांनी पोस्टर आणि खोट्या कोंबड्या घेऊन शोमनशिप केली, हसून हसून पुरेवाट. २०२४ मध्ये विषाणू दुभत्या गायींत आला, तेव्हा दुभत्या गायीला फेअरला न्यायच्या आधी आठवड्याच्या आतली चाचणी लागत होती. अशा सूचना ऐन वेळी येतात, एक्स्टेन्शनच्या ईमेल वाचत जा. मेंढ्या-शेळ्यांना स्क्रेपी रोगासाठीचा बिल्ला, कोंबड्यांना पुलोरम रोगाची तपासणी हे तर नेहमीचंच.

जनावरं दाखवणाऱ्या आठ वर्षांपुढच्या मुलांनी दर वर्षी 'वायक्यूसीए' नावाचा कोर्स करायचा असतो. औषध दिल्यावर किती दिवसांनी जनावर विकता येतं, सुई कुठे टोचायची, जनावराला ताण कसा कळतो, असं सगळं. एका संध्याकाळचं काम. ते न केल्यामुळे नाव कापलेली मुलं दर वर्षी असतात.

नोंदणीच्या तारखा वेगळ्या लिहून ठेवा. आयोवात बाजारी गोऱ्ह्यांची १ फेब्रुवारीपर्यंत, बाकी बहुतेक जनावरांची १५ मेपर्यंत. जुलैत जाग येऊन उपयोग नाही.

कोथिंबीर_जुडी

आणि फेअरच्या आठवड्यात आईबापांनी काय करायचं?

मक्याचं_कणीस

पाणी, पंखा, एक्स्टेन्शन कॉर्ड आणि तोंडाला कुलूप. 😄 जनावर असेल तर पहाटे गोठा साफ, कारण स्वच्छतेलाही बक्षीस असतं. बार्नमध्ये खाऊ नका, बाहेर पडताना हात धुवा. २०१२ मध्ये डुकरांकडून मुलांना फ्लू झाल्याच्या शेकडो केसेस होत्या आणि त्यातल्या बहुतेक फेअरशी जोडलेल्या होत्या. लहान बाळाला आणि आजारी आजी-आजोबांना डुकरांच्या बार्नमध्ये नेऊ नये.

मुलाखतीचा सराव घरी करायचा असेल तर मराठीत करू नका, मूल जजसमोर भाषांतर करत बसतं. मी आमच्या शेजारच्या निवृत्त शिक्षिकेला जज व्हायला सांगितलं होतं. तिने धाकट्याला असे प्रश्न विचारले की खरा जज त्याला सोपा वाटला.

लिलाव झाला तर विकत घेणाऱ्याला हाताने लिहिलेलं आभारपत्र. बऱ्याच ठिकाणी ते दिल्याशिवाय चेक मिळत नाही. टाइप करून नको.

रिंगमागचा_पोरगा

आणि लाल रिबन मिळाली तर घरी येताना गाडीत जजला नावं ठेवू नका. मागच्या सीटवर ऐकू येतं.

पुसेगावकर

हे ब्येस सांगितलंस बाळा. आमच्याकडं पंचाला शिव्या घालायला माळावर वेगळा कट्टाच असतो.

खारूताई

लेकीला सगळं सांगितलं. ट्रकचंही. तिने दोन दिवस विचार केला आणि ससा म्हणाली. ब्रीडिंग वर्गात. मिनी रेक्स जातीची मादी बघून ठेवलीये, पुढच्या आठवड्यात आणतोय. काही लक्षात ठेवायचं?

मक्याचं_कणीस

वा! घेताना डाव्या कानात टॅटू आहे का बघा. तो असल्याशिवाय दाखवता येणार नाही. उजवा कान मोकळा ठेवायचा, तो नोंदणी क्रमांकासाठी असतो. वंशावळीचा कागद मागून घ्या, जन्मतारीख त्यावर असते आणि वयाचा गट त्यावरून ठरतो. दात आणि नखं तिथल्या तिथे तपासा, वाकडे दात असतील तर रिंगमधून बाहेर. आणि जुलैत सशाला उन्हाचा फार त्रास होतो, आत्तापासूनच फ्रीजरमध्ये पाण्याच्या दोन-तीन बाटल्या गोठवून ठेवायची सवय लावा. पिंजऱ्यात एक ठेवली की तो तिला टेकून बसतो.